बिऱ्हाड एक, कायदे तीन : बैल, शेरडं, कुत्र्यासह निघालेल्या टोळ्यांच्या प्रवासाचं काय?

(तालुका प्रतिनिधी)

दिवाळीचे दिवे विझायच्या आत आमच्याकडच्या वस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, वडवणी, धारूर कुठंही जा, तेच चित्र. घराला कुलूप, ओट्यावर म्हातारं माणूस, आणि रस्त्याला एक ट्रक उभा. ट्रकात पुढं बैल, मागं पोती, पोत्यावर बाया-लेकरं, लेकरांच्या मांडीवर शेरडीचं पिल्लू आणि कोपऱ्यात बांधलेलं कुत्रं. यंदाही २०२५-२६ च्या गाळपासाठी टोळ्या अशाच गेल्या. कोणी सांगलीला, कोणी कोल्हापूरला, कोणी थेट कर्नाटकात.

ऊसतोड कामगारांवर दरवर्षी बातम्या येतात. उचल, दर, मुकादम, लेकरांची शाळा, सगळ्यावर लिहून येतं. मीही लिहिलंय. पण तीनशे किलोमीटरचा हा जो प्रवास आहे, माणसं आणि जनावरं एकाच गाडीत घेऊन केलेला, त्यावर फार कोणी बोलत नाही. गाडी उलटली तरच बातमी होते. गाडी पोचली की विषय संपला. यंदा मात्र हा विषय काढायची वेळ आहे, कारण मजुरीचा तीन वर्षांचा करार या हंगामाबरोबर संपतो. त्याबद्दल शेवटी लिहितो, आधी प्रवास बघू.

एका गाडीत काय-काय होतं?

मागच्या हंगामात आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या तीन कुटुंबांबरोबर मी पाटोद्याहून जयसिंगपूरच्या अलीकडंपर्यंत गेलो होतो. वाट ठरलेली. जामखेड, करमाळा, टेंभुर्णी, पंढरपूर, सांगोला, मिरज. संध्याकाळी पाचला गाडी भरायला घेतली, दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो.

गाडीत तीन बैलजोड्या म्हणजे सहा बैल, लहान-मोठी तेरा माणसं, पाच शेरडं, दोन डालगी कोंबड्या आणि एक कुत्रं. वर बाजरी-ज्वारीची पोती, चुलीचं सरपण, भांडी, अंथरुणं, कोपी बांधायचा ताडपत्रीचा गठ्ठा. बैलाच्या अंगावरून आडव्या फळ्या टाकून माळा केलेला, त्यावर माणसं.

शहरातला माणूस विचारतो, बैलाचं समजू शकतो, तो कामाला लागतो. शेरडं, कोंबड्या, कुत्रं कशाला न्यायचं? हाच प्रश्न मी त्या घरातल्या मावशीला विचारला. ती म्हणाली, "भाऊ, इथं ठेवायची कोणाजवळ? माझी सासू स्वतःची भाकर करून खाती तेवढं बास झालं. अन् तिकडं लेकरू आजारी पडलं तर शेरडूच इकावं लागतं. मुकादम हातावर पैसे ठेवीत नाय."

शेरडी ही बाईची बँक आहे. कोंबडीचं अंडं हे लेकराचं दूध आहे. आणि कुत्रं? फडावर माणसं पहाटे जातात, रात्री येतात. कोपीला दार नसतं. आत झोळीत लेकरू आणि सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण. अशा ठिकाणी कुत्रं हेच दार. ज्या भागात उसात बिबट्या आहे, तिथं तर कुत्रं भुंकलं तरच कळतं.

यंदा त्यात आणखी एक भर पडली. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत सिंदफणेला, सीनेला पूर आले. काठच्या गावांत कडबा भिजला, गंजी वाहून गेल्या. जे लोक एरवी एखादं जनावर मागं ठेवून जायचे, त्यांनाही यंदा ते सोबत न्यावं लागलं. तिकडं निदान उसाचं वाढं तरी मिळतं. म्हणजे यंदा गाड्यांत गर्दी जास्त, कमी नाही.

कायदा तीन गाड्या मागतो

आता कायदा काय म्हणतो ते बघा. जनावरांच्या वाहतुकीचे नियम १९७८ सालचे आहेत. त्यात गुराढोरांच्या ट्रकबद्दल स्पष्ट लिहिलंय. एका ट्रकात सहापेक्षा जास्त गुरं नकोत. तळाला पाय घसरणार नाही असं काथ्याचं किंवा लाकडाचं अंथरूण हवं. गाडीबरोबर जनावरं बघणारा एक माणूस हवा. जनावरांची तोंडं शक्यतो इंजिनकडं हवीत. जनावर प्रवासाला ठीक आहे असा डॉक्टरचा दाखला हवा. आणि जनावरं असलेल्या गाडीत दुसरा कसलाही माल भरू नये.

पुढं मोटार वाहन नियमांत भर पडली. १ जानेवारी २०१६ पासून जनावरं नेणाऱ्या गाडीत प्रत्येकाला वेगळा कप्पा हवा. गाय-म्हशीला कमीत कमी २ चौरस मीटर आणि शेळी-मेंढीला ०.३ चौरस मीटर जागा. बैलालाही निदान तेवढी लागणारच.

तिसरा नियम सगळ्यांना माहीत आहे. मालाच्या गाडीत माणसं बसवायची नाहीत.

आमच्या त्या गाडीचं माप मी नंतर काढलं. आतून १७ फूट लांब आणि ७ फूट रुंद. म्हणजे ११९ चौरस फूट, साधारण ११ चौरस मीटर. सहा बैलांना लागतात १२ चौरस मीटर. बैल सहाच होते, म्हणजे आकड्यात नियम पाळला. पण जागेत गाडी बैलांनीच भरून वर झाली. एक पोतं चढायच्या आधी, एक माणूस बसायच्या आधी.

याचा अर्थ सरळ आहे. नियमानं जायचं तर एका बिऱ्हाडाला तीन वाटा कराव्या लागतील. बैल एका गाडीत, सामान दुसऱ्या गाडीत आणि माणसं एसटीनं. कागदावर हे बरोबर आहे, आणि जनावराच्या भल्याचंही आहे, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण तीन गाड्यांचे पैसे कोणी द्यायचे, हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. म्हणून सगळे एका गाडीत चढतात, आणि चढले त्या मिनिटापासून ते कायद्याच्या बाहेर असतात. मग रस्त्यात कोणीही अडवावं आणि कोणीही काहीही मागावं. अपघात झाला तरी तेच. मालाच्या गाडीत माणसं बसलेली होती म्हणून विमा कंपनी दाव्याला आडवी लावते, अन् घरचे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.

करमाळ्याच्या पुढं काय झालं

रात्री दोनच्या सुमाराला करमाळ्याच्या पुढं एक गतिरोधक आला. ड्रायव्हरला उशिरा दिसला. गाडी आदळली आणि मागच्या जोडीतला पवळ्या नावाचा बैल खाली बसला. खाली नुसता पत्रा, त्यावर शेण-मूत झालेलं. दोन्ही बाजूंनी बैल खेटून उभे. त्याला उठायला जागा नाही आणि वर फळ्या, त्यामुळं माणसाला आत उतरायला वाट नाही. आधी लेकरं उतरवली, मग पोती, मग फळ्या काढल्या. मोबाईलच्या उजेडात बैल उठवायला पाऊण तास गेला.

पाय मोडला नव्हता, पण गुडघा सुजला. तिथल्या डॉक्टरनं पंधरा दिवस गाडीला जुंपू नका म्हणून सांगितलं. आता एक बैल बसला म्हणजे जोडी बसली आणि जोडी बसली म्हणजे टायरगाडी बसली. नवरा-बायकोनं ते पंधरा दिवस दुसऱ्याच्या गाडीवर नुसती तोड केली. वाहतुकीचे पैसे गेले, औषधाचा खर्च वर. उचल मात्र एक रुपया कमी झाली नाही.

त्याच गडबडीत कुत्र्याचा दोर सुटला. गाडी निघाली तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. टेंभुर्णीला चहाला थांबलो तेव्हा धाकट्या पोरीनं विचारलं, "वाघ्या कुठंय?" परत तीस-चाळीस किलोमीटर मागं जायला ड्रायव्हर तयार नव्हता, त्याचंही चुकीचं म्हणता येत नाही, त्याला दुसरी खेप होती. पोरगी सांगोल्यापर्यंत रडत होती. तिच्या आईनं मला हळूच सांगितलं, "कुत्र्यासाठी रडती हे खरं, पण मला दुसराच घोर लागलाय. उद्यापासनं हिला अन् बाळाला कोपीत कोणाच्या भरवशावर सोडू?"

कोणी म्हणेल, बैल घसरला, कुत्रं हरवलं, ह्यात काय एवढं? पण ज्या घराची सगळी मिळकत एका ट्रकात मावते, त्या घरासाठी ही साधी गोष्ट नाही.

तीन कागद, तीन तपासण्या

आता रस्त्यातल्या कागदांचं बघू.

पहिली गोष्ट कानातल्या बिल्ल्याची. १ जून २०२४ पासून राज्यात इअर टॅग नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. हा १२ अंकी नंबर म्हणजे जनावराचं आधार कार्ड समजा. त्यावर लसीची नोंद ऑनलाइन असते.

दुसरी गोष्ट रोगाची. सप्टेंबर २०२२ मध्ये लंपी आला तेव्हा बाजार बंद झाले आणि गुरांच्या वाहतुकीवर बंदी आली. टोळ्यांची त्या वर्षी काय धांदल झाली ते तुम्हाला आठवत असेल. उचल घेतलेली, जायचं तर आहे, अन् बैल हलवता येईना. अशी वेळ परत कधीही येऊ शकते. त्या वेळी ज्याच्या जनावराला लस आणि नोंद आहे, तोच आधी सुटतो.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे, पण बोलली पाहिजे. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्यामुळं रात्री बैल भरलेला ट्रक दिसला की अडवला जातो. कधी पोलीस अडवतात, कधी दुसरेच कोणी. शेतीकामाला किंवा ऊसतोडीला बैल नेण्यावर बंदी नाही. पण बैल कामाला चाललाय हे दाखवायला हातात कागद लागतो. मुकादमाचं पत्र, कारखान्याच्या कराराची झेरॉक्स, टॅग नंबर, डॉक्टरचा दाखला. हे नसलं की दोन-दोन तास गाडी उभी राहते आणि बैल उन्हात किंवा थंडीत तसेच उभे.

गंमत बघा, लेकरासाठी शिक्षण हमी कार्ड आहे. रेशन आता दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यातही उचलता येतं. म्हणजे बिऱ्हाड हलतं हे सरकारनं दोन ठिकाणी मान्य केलंय. जनावराच्या बाबतीत मात्र बिल्ला आहे, पण बिल्ल्याचा वापर अडवायला होतो, वाट मोकळी करायला होत नाही.

मेलं तर कोणाचं?

घरी गोठ्यात असताना पुरात बैल वाहून गेला तर आपत्तीच्या निकषानं ओढकामाच्या मोठ्या जनावराला ३२ हजार रुपये मिळतात, दुधाच्या जनावराला ३७,५०० आणि शेळी-मेंढीला ४ हजार. सप्टेंबरच्या पुरात अनेकांनी हे पंचनामे केलेत, त्यामुळं आकडे लोकांना पाठ आहेत. तोच बैल महिन्याभरानं ट्रकात पडून मेला तर ती नैसर्गिक आपत्ती नाही. म्हणजे तो निकष लागू नाही. राहिला विमा. तो आहे का, असला तर प्रवासातही लागू आहे का, हे निघण्याआधी कोणी विचारत नाही.

तीन कोयत्यांनी मिळून गाडी केली तर?

आता पैशाचं गणित. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटनांत तडजोड झाली. ३४ टक्के वाढ मिळाली आणि तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपयांवर गेला. करार तीन वर्षांचा.

समजा बैलांसाठी वेगळी गाडी करायची आणि तिला १८ हजार भाडं पडलं. एकट्या कोयत्यानं, म्हणजे एका जोडप्यानं, ते भरायचं तर ४९ टन ऊस तोडावा लागेल. दिवसाला पावणेदोन टन धरले तर २८ दिवसांची तोडणी नुसत्या बैलाच्या तिकिटात गेली. हे कोणीही करणार नाही, आणि करू नका म्हणून मीही सांगेन.

पण तीन कोयत्यांनी मिळून ती गाडी केली तर प्रत्येकी ६ हजार, म्हणजे साडेसोळा टन, नऊ-दहा दिवस. तरीही जड आहे. आणि हाच भार कारखान्यानं उचलला तर? ज्या बैलाच्या पाठीवर ऊस कारखान्यात येतो, त्या बैलाचं भाडं हा कारखान्याच्या वाहतुकीचाच खर्च आहे. मजुराच्या उचलीतून तो कापला जाणं बरोबर नाही.

परतीच्या आधी एवढं करा

करार व्हायचा तेव्हा होईल. मार्च-एप्रिलमध्ये याच टोळ्या परत येणार आहेत, तेही उन्हाच्या कडाक्यात. जी मंडळी फडावर मोबाईलवर हे वाचतायत, त्यांनी एवढं तरी करावं.

लस आधी घ्या. लाळ्या-खुरकूत, लंपी, शेरडांना पीपीआर, कुत्र्याला रेबीज. लस अंगात भिनायला तीन आठवडे जातात, निघायच्या आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही. टॅग पडला असेल तर आत्ताच दुसरा मारून घ्या. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

गाडीच्या पत्र्यावर पाचट किंवा माती-वाळूचा जाड थर द्या. पाचट तर फडात पायाखालीच आहे. पवळ्याच्या पायाखाली ते असतं तर तो घसरला नसता. तोंड इंजिनकडं करून बांधा. दोर एका झटक्यात सुटेल अशा गाठीनं बांधा, फासगाठ नको. बैलाच्या डोक्यावर माणसांचा माळा करू नका, तो अडकला तर माणूस आणि बैल दोघंही जातात.

निघायच्या आधी पोट तुडुंब भरू नका, पण पाणी पाजा. दर चार-पाच तासांनी थांबून परत पाणी. उन्हाळ्यात गाडी संध्याकाळीच काढा. हंगामभर नुसतं वाढं खाल्लेलं जनावर आतून कमजोर असतं, कारण वाढ्यातल्या ऑक्झॅलेटमुळं अंगातलं कॅल्शियम कमी होतं. डॉक्टरला विचारून चुन्याची निवळी किंवा क्षार मिश्रण आधीपासून सुरू करा.

कुत्र्याला पोत्यांच्या वर, काठाला बांधू नका. गाडी वळली की ते बाहेर लटकतं आणि फास बसतो. खाली, माणसाच्या पायाशी, गळ्यात पट्टा घालून ठेवा आणि पट्ट्यावर मोबाईल नंबर लिहा. गाडी थांबली की लेकरं मोजता तसं कुत्रं, शेरडं मोजा. कोंबड्यांच्या डालग्यावर पोतं ठेवू नका, त्या गुदमरतात.

आणि कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, ड्रायव्हरजवळ नको, स्वतःजवळ.

करारात एक कलम हवं

हंगाम संपला की नव्या कराराच्या बैठका सुरू होतील. दरवेळी दर किती टक्के वाढला यावर सगळं अडतं, आणि ते महत्त्वाचंच आहे. पण संघटनांनी यंदा प्रवासाचं कलमही टेबलावर ठेवावं. येता-जाता बैलांची गाडी कारखान्याच्या खर्चानं, सहापेक्षा जास्त बैल नाहीत, माणसांची गाडी वेगळी, आणि घरच्या गोठ्यातून निघाल्यापासून परत गोठ्यात येईपर्यंत बैलाचा विमा. चारच ओळी आहेत.

पैसा नाही असं म्हणता येणार नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागं १० रुपये आणि तेवढेच सरकारकडून घ्यायचं ठरलेलं आहे. त्यातून निघण्याच्या आठवड्यात तालुक्याच्या गावी एक दिवस लसीचा, टॅगचा आणि दाखल्याचा कॅम्प लावायला किती लागेल? आमच्याकडून गाड्या कोणत्या आठवड्यात सुटतात हे सगळ्या तालुक्याला माहीत असतं. पशुवैद्यकीय दवाखान्यालाही माहीत असतं.

पवळ्या बरा झाला. वाघ्या मिळाला नाही. त्या कुटुंबानं तिकडंच एक पिल्लू पाळलं आणि परत येताना त्याला आणलं. यंदा ते पिल्लू मोठं होऊन परत गेलंय, त्याच वाटेनं, तसल्याच गाडीत. निघताना धाकटी पोरगी त्याचा दोर स्वतःच्या मनगटाला बांधून बसली होती. मी तिला म्हणालो, असं बांधू नको बाळा, हाताला काचंल. ती म्हणाली, "काचू दे."